घरातल्या नकाराला जागा

नागपूरहून राजनांदगावकडे निघालेली गाडी आधी इतवारीला लागते आणि मग कामठी, भंडारा रोड, तुमसर, गोंदिया, डोंगरगड असे करत पुढे जाते. १८९३च्या सुमारास याच मार्गावरच्या एका डब्यात नारायण वामन टिळकांना एक युरोपियन प्रवासी भेटला. बोलणे काव्यावरून धर्मावर गेले. उतरताना त्याने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे सांगितले. टिळक वाचत गेले, डोंगरावरच्या प्रवचनापाशी खिळले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मराठी ख्रिस्ती घरांतून ही गोष्ट सांगितली जाते, रविवारच्या शाळेत मुलांकडून पाठ करून घेतली जाते. मी इतवारीत वाढले, म्हणून मला ती गोष्ट आमच्याच गल्लीतून गेल्यासारखी वाटायची.

पण ती नेहमी बाप्तिस्म्यापाशी संपवतात, आणि माझे म्हणणे तिथूनच सुरू होते. त्या दिवशी टिळकांची बायको कुठे होती, लहानगा दत्तू कुठे होता, हे रविवारच्या शाळेत कुणी सांगत नाही. लक्ष्मीबाई म्हणजे जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी. वडिलांचे सोवळे इतके कडक की बाजारातून आलेले मीठसुद्धा धुऊन घेतले जाई. अशा घरातून आलेल्या बाईवर नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी कोसळली. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, पदरात मूल, आणि लोकांच्या नजरा. पुढची काही वर्षे तिने नातलगांच्या आधाराने काढली. त्यातला बराच काळ ती पंढरपूरला होती. पुढे ती नगरला टिळकांजवळ आली तरी आपली चूल आणि आपले पाणी तिने वेगळे ठेवले. एका छपराखाली दोन धर्म आणि दोन माठ. १९०० साली तिने स्वतः बाप्तिस्मा घेतला.

या पाच वर्षांचा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. १९३४पासून भागाभागांनी आलेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये तिने तो सरळ सांगून ठेवला आहे. आधी तिच्या मनातून जात गेली. माणसामाणसांतले हे भेद देवाने केलेले नाहीत, माणसांनी केले, हे तिला तिच्याच विचाराने पटले आणि ती कुणाच्याही हातचे खायला-प्यायला तयार झाली. ख्रिस्त त्यानंतर आला. कुणी तिला वादात हरवले नव्हते, कुणी तिच्या माठात हात घातला नव्हता. सोवळे तिने स्वतः, आपल्या वेळेला सोडले, म्हणून ते परत आले नाही. पुढे नगरच्या प्लेगात लोक आपल्या माणसांना सोडून पळत असताना हीच बाई आजाऱ्यांत जाऊन राबली. घाईने बाप्तिस्मा उरकलेल्या बाईकडून हे झाले असते, असे मला वाटत नाही.

टिळक काही आदर्श नवरे नव्हते. संतापी होते, लहरी होते, न सांगता घर सोडून जायचे, हातात आलेला पैसा वाटून टाकायचे. तरीही एका गोष्टीत त्यांनी जे केले ते थोडेथोडके नव्हे. १८६६ साली सरकारने एक कायदा केला होता, तो नेमका अशाच माणसांसाठी. धर्मांतर केले म्हणून बायको सहा महिने नांदायला तयार नसेल, तर नवऱ्याला कोर्टात जाता येई. कोर्ट वर्षभर थांबे आणि तरीही ती आली नाही तर लग्न मोडून देई. दोघेही दुसरे लग्न करायला मोकळे. टिळकांना ही वाट उघडी होती. त्यांनी ती धरली नाही. विनवण्या केल्या, पत्रे लिहिली, चिडले, रडले आणि थांबले. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात याबद्दल स्पष्ट सांगितले आहे. विश्वास न ठेवणारी बायको नांदायला राजी असेल तर नवऱ्याने तिला सोडू नये. तिने आधी विश्वास ठेवावा, अशी अट तिथे नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की ख्रिस्ती घराची कसोटी या पाच वर्षांत आहे. ज्या घरात नकार देणारे माणूस नकारासकट सुखाने जेवू शकते, त्याच घरात श्रद्धेला काही अर्थ उरतो. बाकी घरांत हजेरी असते. हे मी बाहेरच्यांना उद्देशून लिहीत नाही. आमच्या मंडळीला, आमच्या आईबापांना, सासवांना आणि पाळकांना उद्देशून लिहिते आहे.

मोकळीक म्हणजे काय, हे मी आधी घरात पाहिले नाही, बाजारात पाहिले. माझे बाबा इतवारीतल्या एका ठोक किराणा व्यापाऱ्याच्या पेढीवर दिवाणजी होते. सकाळी नऊला उघडायची ती पेढी रात्री हमालांची मजुरी चुकती झाल्यावरच बंद व्हायची. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नव्या वह्या पूजेला मांडत. लाल कापडात बांधलेल्या लांबट वह्या, पहिल्या पानावर कुंकवाने काढलेले श्रीचे शिखर, वर विड्याचे पान, सुपारी, चांदीचा रुपया. वर्षभर त्या वह्यांत अक्षर बाबांचे असायचे, म्हणून पहिले पान त्यांनीच लिहावे अशी रीत होती. पहिल्या दिवाळीला बाबांनी सेठजींना सांगितले, “सेठजी, हिशेबात एका पैशाचा फरक पडणार नाही. पण ही पूजा माझी नाही.” सेठजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “ठीक है दिवाणजी. पहला पन्ना मेरा, दूसरे से आपका.” त्यानंतर बाबा निवृत्त होईपर्यंत तसेच चालले. मिठाईचा एक डबा नैवेद्य दाखवायच्या आधीच बाजूला काढलेला असायचा. बाबांनी तो कधी मागितला नव्हता. मूर्तीला दाखवलेले अन्न खावे की न खावे, हा प्रश्न पौलाच्या काळापासून चर्चेत आहे. सेठजींनी पौल वाचला नव्हता. त्यांना फक्त एवढे कळले होते की या माणसाची अडचण कुठे आहे, आणि ती त्याला बोलून दाखवावी लागू नये.

इतवारीत धर्म रस्त्यावर असतो. सराफ्यातून निघालात की मंदिरे, दर्गे, जैनांची देरासरे, सगळे हाकेच्या अंतरावर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत निघते, ती १८८१पासून, आणि अख्खे शहर आपली रोगराई, संकटे तिच्या गळ्यात घालून तिला वेशीबाहेर नेऊन जाळते. आम्ही मुले ती मिरवणूक गच्चीवरून बघायचो. आई नको म्हणायची नाही, सोबत उभी राहायची. इतक्या दाटीत राहणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या धर्माशी जुळवून घ्यायची कला आपोआप येते. शेजारी आरतीला बोलावतो, आपण जातो, कापूर घेत नाही, खोबरे घेतो, तोही समजून असतो. बाजाराने ही रीत शेकडो वर्षे घडवली आहे.

घराला मात्र ती रीत येत नाही. दुसऱ्याच्या मुलाला जे आपण सहज देतो ते आपल्या मुलाला देताना हात आखडतो. यात दुष्टपणा नाही, हे मला माहीत आहे. भीती आहे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसांची संख्या पावणेअकरा लाखांच्या आसपास होती, म्हणजे शंभरात एक माणूसही पुरता भरत नाही. त्यातले निम्म्याहून जास्त मुंबई-वसईच्या पट्ट्यात. विदर्भातली आमची मंडळी म्हणजे मूठभर. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आला, शाळा काढली, माणसे जोडली, खडक आणि जीवाश्म अभ्यासले, गोंडांच्या कथा लिहून घेतल्या आणि १८६३च्या सप्टेंबरात पूर आलेल्या नाल्यात वाहून गेला. तेव्हापासून पिढ्यानपिढ्या जपलेली ही मंडळी आहे. त्यातला एक मुलगा उपासनेला यायचा थांबला की बाकावरची ती रिकामी जागा सगळ्यांना दिसते. हजारांच्या मंडळीत ती दिसली नसती.

भीतीचे दुसरे कारण बाहेरचे आहे आणि ते नागपूरशीच जोडलेले आहे. १९५४ साली, नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असताना, त्या सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. अध्यक्ष होते नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी. १९५६ साली अहवाल आला. आमिष दाखवून, दबाव आणून धर्मांतरे होतात असा ठपका ठेवून त्याने कायदेशीर बंधने सुचवली. त्याच वाटेने मध्य प्रदेशाचा १९६८चा कायदा आला, आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की धर्माचा प्रचार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही. तेव्हापासून आमच्या लोकांना आपण सतत खुलासा देणे लागतो असे वाटत राहिले आहे.

पण नियोगींची गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. ज्या वर्षी त्यांचा अहवाल आला त्याच वर्षी, १४ ऑक्टोबरला, याच शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. दीक्षा घेणाऱ्यांत नियोगीही होते. दुसऱ्यांच्या धर्मांतरांकडे संशयाने पाहणाऱ्या माणसालाही स्वतःच्या आयुष्यात एका वळणावर धर्म बदलावासा वाटला, आणि त्याला कुणी अडवले नाही. मला हे त्यांच्या अहवालापेक्षा मोठे वाटते. माणसाच्या आत काय घडते ते कोणत्याही समितीला मोजता येत नाही, याचा तो पुरावा आहे.

राज्याने श्रद्धेवर किंमतही लावून ठेवली आहे. १९५०च्या अनुसूचित जातींच्या आदेशाने सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. दलितांतून ख्रिस्ती झालेला माणूस आजही बाहेर आहे. येशूच्या पायाशी आल्याने गावातली जात त्याला सोडून जात नाही, सवलत तेवढी जाते. त्यामुळे कितीतरी घरांत कागदावर एक धर्म आणि प्रार्थनेत दुसरा असतो, आणि कॉलेजात प्रवेश घेणाऱ्या पोराला आईबाप हळूच सांगतात की फॉर्मवर काय लिहायचे. त्या पोराला दोष देण्याची माझी हिंमत नाही. सरकारने श्रद्धेला आणि पोटाला एकमेकांसमोर उभे करू नये, ही मागणी न्याय्य आहे आणि ती आपण जोराने मांडली पाहिजे.

माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. कुणीही कोणताही धर्म स्वीकारावा, पाळावा, सोडावा, त्याला सरकारने अडवू नये असे आपण मोर्चात म्हणतो. मग त्याच संध्याकाळी घरी मुलगी म्हणाली, “आई, मला दृढीकरण नको,” तर आपण काय करतो? पाळकसाहेबांना बोलावतो. आजी उपास धरते. बाप महिनाभर बोलत नाही. हे आमिष नसेल, पण दबाव नाही तर दुसरे काय आहे? नियोगी समितीने मिशनऱ्यांवर जो ठपका ठेवला, तो सज्जन ख्रिस्ती आईबापांवर रोज ठेवता येईल. घटनेच्या पंचविसाव्या कलमातले विवेकाचे स्वातंत्र्य दिवाणखान्याच्या दारापाशी संपते, असे कुठे लिहिले आहे?

मराठी ख्रिस्ती घरांच्या भिंतीवर एक वचन हमखास असते, फ्रेममध्ये, कधी काचेवर सोनेरी अक्षरांत. यहोशवाने आपण आणि आपले घराणे कोणाची सेवा करणार हे सांगितले, ते वचन. आमच्याही घरी होते. ते नेहमी अर्धेच टांगलेले असते, हे माझ्या लक्षात उशिरा आले. शखेम येथे सगळ्या गोत्रांना जमवून यहोशवा आधी काय म्हणाला ते वाचावे. परमेश्वराची सेवा करणे बरे वाटत नसेल तर दुसरे देव निवडा, आजच निवडा, असे तो लोकांना स्पष्ट सांगतो. स्वतःच्या घराण्याबद्दलचे वाक्य त्यानंतर येते. निवड करायला मोकळे सोडल्यावर आलेले ते उत्तर आहे. आपण उत्तर टांगले आणि निवड फ्रेमबाहेर कापून टाकली.

कुणी म्हणेल, फिलिप्पैतला तो तुरुंगाचा अधिकारी? एका रात्रीत तो आणि त्याचे सगळे घर बाप्तिस्मा घेते. हो, प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात ते आहे आणि मी ते नाकारत नाही. कधी कधी घर एकत्र चालते, आपल्याकडे दीक्षाभूमीवरही चाललेच. पण शुभवर्तमानांतले सर्वांत जवळचे घर कोणते? येशूचे स्वतःचे. मार्काच्या तिसऱ्या अध्यायात त्याच्याच माणसांना वाटते की याला वेड लागले, आणि ती त्याला धरून न्यायला येतात. योहान सातव्या अध्यायात सांगतो की त्याच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. देवाच्या पुत्राच्या घरात हे चालत होते. त्याने भावांना शाप दिला नाही, घराबाहेर काढले नाही, त्यांच्यावर चमत्कार करून त्यांना गप्प केले नाही. लूकच्या पंधराव्या अध्यायातला बाप तर मुलाचा हिस्सा मोजून त्याच्या हाती देतो आणि त्याला जाऊ देतो. आपण त्या दृष्टान्तात मुलाच्या परत येण्यावर प्रवचने देतो. जाऊ देणाऱ्या बापावर मी आजवर एकही प्रवचन ऐकलेले नाही.

मोकळीक देणे वाटते तितके सोपे मात्र नाही, आणि इथे मला पंडिता रमाबाईंशी थोडे भांडावे लागते. रमाबाईंबद्दल मला अपार आदर आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या धर्मभगिनींनी काय मानावे हे ठरवून द्यायचा प्रयत्न केला, तेव्हा या बाईने त्यांना ठणकावले की एका पुरोहितशाहीतून सुटले ती दुसरीखाली मान द्यायला नाही. विवेकाच्या स्वातंत्र्याबद्दल इतके निर्भय मराठी बाईने तोवर क्वचितच लिहिले असेल. १८८९ साली तिने शारदा सदन काढले ते धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याच्या वचनावर. विधवा मुलींना तिथे आपापला आचार पाळता येई. रमाबाई आपली प्रार्थना आपल्या खोलीत करत, दार मात्र उघडे असे. मुली येऊन बसू लागल्या. ओरड झाली, आणि १८९३ साली रानडे, भांडारकर वगैरे सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंचे म्हणणे होते की मी कुणाला बोलावले नाही, दार लावून देवाशी बोलायचे कशासाठी? मला ते पटतेही. पण घरादाराला पारखी झालेली बारा-चौदा वर्षांची पोर, आणि जिने तिला जेवू घातले, शिकवले, माणसात आणले त्या बाईच्या खोलीचे उघडे दार! ते दार नुसते उघडे नसते. प्रेमाने जिंकलेल्या माणसासमोर आपली श्रद्धा नुसती दिसणे हासुद्धा एक जोर असतो. हा जोर वाईट नाही, पण तो आहे हे मोठ्या माणसाने जाणले पाहिजे.

हे मला माझ्या आईने शिकवले. माझा धाकटा भाऊ सोळाव्या वर्षी दृढीकरणाला नाही म्हणाला. त्याला विज्ञान आवडायचे, प्रार्थनेत त्याला कुणी ऐकतेय असे वाटत नव्हते, आणि खोटे गुडघे टेकायचे नाहीत असे त्याने ठरवले होते. बाबा दुखावले. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी तो बाहेर ओट्यावर जाऊन बसू लागला. आमची प्रार्थना ओट्यालगतच्या खोलीतच व्हायची. आई स्तोत्र वाचायची, मग उपासना संगीतातले एखादे टिळकांचे गीत, मग प्रत्येकाचे नाव घेऊन प्रार्थना. त्याचेही नाव यायचे, आणि आईचा आवाज त्या नावापाशी हमखास चढायचा. एका रात्री तो दारात येऊन म्हणाला, “आई, दार लावून घे ना.”

“काहून रे? उकडते किती.”

“मले ऐकू येते.”

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग उठली आणि दार लावून घेतले. मे महिना होता, पंखा जुना, आणि आम्ही सगळे घामाघूम होऊन उरलेली प्रार्थना केली. त्या रात्रीपासून ती त्याचे नाव मनातल्या मनात घेऊ लागली. बाबांनी विचारले तेव्हा म्हणाली, “देवाले ऐकू येते ना, मंग झालं.”

ते दार लावणे ही मी माझ्या आयुष्यात पाहिलेली सर्वांत मोठी श्रद्धेची कृती आहे. दार लावणाऱ्या माणसाला देव आपल्या आवाजावाचून काम करू शकतो हे खरोखर मानावे लागते. मुलाला ऐकू गेलेच पाहिजे असे ज्याला वाटते, त्याचा अर्धा भरवसा स्वतःच्या घशावर असतो.

भाऊ पुढे परत आला का, असे मला नेहमी विचारले जाते, आणि मला या प्रश्नाचा राग येतो. नाही आला. तो आज साठीकडे झुकलेला इलेक्ट्रिकल इंजिनियर आहे, त्याची बायको मंडळीतली आहे, तो नाही. नाताळला करंज्यांचे सारण तोच परततो. देवळाचे वायरिंग जळाले की पहिला फोन त्यालाच जातो, आणि मजुरी तो घेत नाही. आईची नजर गेल्यावर तिला स्तोत्रसंहिता वाचून दाखवायचे काम त्याने दोन वर्षे केले, कारण तिला त्याचा आवाज आवडायचा. त्या दोन वर्षांत त्याचा विश्वास बदलला नाही आणि आईने तशी अपेक्षाही केली नाही. मोकळीक हा परत आणण्याचा डाव असेल तर ती मोकळीक नव्हे, आणि समोरच्याला तो डाव लगेच कळतो. मुले या बाबतीत सराफाहून पारखी असतात.

“असे प्रत्येकाने केले तर मंडळी उरेल का?” हा आक्षेप मी टाळणार नाही, कारण तो प्रामाणिक आहे. कदाचित आणखी लहान होईल. पण आज ती कशी टिकते आहे ते बघा. नाताळला आणि ईस्टरला देऊळ भरते, लग्नासाठी पाळकाची चिठ्ठी हवी म्हणून दृढीकरण होते, पुरायला जागा हवी म्हणून वर्गणी भरली जाते. वीस-पंचवीस वर्षांची किती मुले तिथे आपल्या मनाने बसलेली असतात? ज्यांना नाही म्हणता आले नाही, त्यांचे हो आपण मोजतो आहोत. लक्ष्मीबाईंनी पाच वर्षे नाही म्हटले, म्हणून त्यांचे हो आजवर पुरले. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले ते पुढे नेणारी हीच बाई होती. कुणी तिला १८९५ सालीच फरपटत पाण्यापाशी नेले असते, तर मराठीला ‘स्मृतिचित्रे’ मिळाली असती का?

आता हा प्रश्न नव्या रूपात दारी आला आहे. आमच्या जवळच्या नात्यातल्या एका मुलीने गेल्या वर्षी बौद्ध घरातल्या मुलाशी लग्न केले, १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली, तीस दिवसांची नोटीस लावून. दोन्ही घरे चांगली, शिकलेली, आणि दोन्ही घरांना आपल्या आजोबा-पणजोबांनी धर्म कोणत्या किमतीला घेतला याची लख्ख आठवण. मुलाच्या वडिलांनी पहिल्याच भेटीत सांगितले, “बावीस प्रतिज्ञा आम्ही रोज म्हणतो. आमच्या मुलाला तुमच्या देवापुढे गुडघे टेकायला सांगू नका.” मुलीच्या आईने उत्तर दिले, “आणि तुम्ही माझ्या मुलीला रविवारी घरी बसवू नका.” त्या दिवशी दोघांच्याही आवाजात कडकपणा होता, पण मला ते बोलणे फार आवडले. दोघांनी आपापला नकार टेबलावर ठेवला होता आणि चहा तरीही प्यायला गेला. अडचण आता पुढची आहे. बाळ होणार आहे, आणि त्याच्या बाप्तिस्म्याबद्दल दोन्हीकडे कुजबुज सुरू झाली आहे. माझे मत मी त्या मुलीला विचारल्यावरच सांगितले. बाळाला दोन्ही घरांच्या गोष्टी ऐकू द्या, दोन्हीकडची गाणी येऊ द्या, आणि पाण्याचा प्रश्न त्याला बोलता येईपर्यंत थांबू द्या. आमच्या परंपरेत लहानपणीच बाप्तिस्मा देतात, मलाही दिला होता, आणि त्यात मला काही वावगे वाटत नाही. पण जिथे एक पालक प्रामाणिकपणे नाही म्हणतो आहे तिथे बाळाच्या डोक्यावरचे पाणी त्या पालकाच्या डोळ्यांतून काढू नये.

अशा घरांसाठी मंडळीने काय करायचे, याचा विचार टिळकांनी शंभर वर्षांपूर्वी केला होता. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात त्यांनी देवाचा दरबार सुरू केला. बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या सगळ्यांनी त्यात एकत्र यावे अशी त्यांची कल्पना होती. मे १९१९मध्ये ते गेले आणि ती कल्पना फार पुढे सरकली नाही. मला वाटते, टिळकांना ती सुचली ती स्वतःच्या घरातल्या त्या दोन माठांमुळे. बाप्तिस्मा न झालेल्या बाईबरोबर एका छपराखाली राहून त्यांनी पाहिले होते की देव तिच्यातही काम करतो आहे.

आमच्या मंडळीच्या रजिस्टरात आज दोनच रकाने आहेत, सभासद आणि सभासद नसलेले. माझ्या भावाचे नाव कुठेच नाही, त्या मुलीच्या नवऱ्याचे नाव कुठेच येणार नाही. पुढच्या वार्षिक सभेत मी असा ठराव मांडणार आहे की सभासदांच्या घरातली जी माणसे विश्वास ठेवत नाहीत पण आमच्या सुखदुःखात उभी राहतात, त्यांची त्यांना विचारून वेगळी नोंद व्हावी. त्यांच्या आजारपणात पाळकांनी जावे, त्यांनी मागितली तरच प्रार्थना करावी, आणि त्यांच्या मुलांना रविवारच्या शाळेत कुणी त्यांच्या बापाबद्दल प्रश्न विचारू नये. पास्टोरेट कमिटीतले काही जण म्हणतात की याने शिस्त ढिली होईल. त्यांचे म्हणणे मी ऐकून घेतले आहे आणि त्यांच्याशी बोलते आहे. ठरावाला अनुमोदन देशील का, असे मी माझ्या भावजयीला विचारले आहे. आधी नवऱ्याला विचारते, त्याला असल्या रजिस्टरात नाव हवे की नको ते बघू दे, असे ती म्हणाली.